अंगठ्याएवढं अवधाण

कर्जतला माणसं सुट्टीला जातात. कुणाचं तिथे फार्महाउस असतं, कुणाच्या मेव्हण्याचं असतं, आणि ज्यांच्या ओळखीत कुणाचंच नसतं ती स्टेशनवर वडा खाऊन माथेरानच्या वाटेला लागतात. मी रक्त आणायला गेले होते. गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "मांडीवर काय एवढं जपून धरलंय? केक का?" मी खरं ते सांगितलं, की डबा सध्या रिकामा आहे, येताना त्यात माणसाचं रक्त असेल. घाट उतरून कर्जत येईपर्यंत त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

मी मूळची सोलापूरची, नोकरीने पुण्याची. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही माणसाची प्रतिकारशक्ती शरीराबाहेर, एका चिपेवर उभी करतो. चिप म्हटल्यावर लोकांना मोबाइल आठवतो, पण ही तसली नव्हे. अंगठ्याएवढा पारदर्शक, रबरासारखा मऊ तुकडा, आणि त्यात केसासारखे बारीक पाट काढलेले. पाटांतून पोषक द्रव वाहता ठेवायचा, मधल्या जागेत माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडायच्या आणि वाट बघायची. नीट सांभाळलं तर त्या पेशी एकमेकींजवळ सरकतात, घोळके करतात आणि शरीरात असताना करतात तेच काम तिथेही करू लागतात. परकं काही आलं की ओळखायचं, एकमेकींना इशारे द्यायचे, तुटून पडायचं. मग त्या पाटात एखादं औषध सोडून माणसाचं शरीर त्यावर कसं उसळेल याचा अंदाज घेता येतो. उंदीर काय करतो ते नव्हे, माणूस काय करतो ते, आणि तेही कुणाचा जीव टांगणीला न लावता.

आम्ही तपासत होतो ते सापाच्या विषावरचं औषध. ते घोड्याच्या रक्तापासून करतात. घोड्याला थोडं थोडं विष टोचलं की त्याचं शरीर विषाशी लढायला शिकतं, आणि ती लढणारी द्रव्यं काढून माणसाला देतात. त्यावर कितीतरी जीव वाचतात. पण काही जणांचं शरीर विषाला सोडून घोड्याच्या त्या द्रव्यांशीच भांडायला उठतं. हुडहुडी भरते, अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो. जास्त शुद्ध केलेलं नवं औषध अशा माणसांना सोसेल का, हा आमचा प्रश्न होता, आणि त्यासाठी एकदा असं उसळलेलं रक्त हवं होतं. सहकारी म्हणाले, कुरिअरने मागवू. मी म्हटलं, मी जाते. कुरिअरवाल्यावर माझा आंब्याच्या पेटीपुरताही विश्वास नाही.

भिसेगाव

आमच्या प्रयोगशाळेतल्या सनाचे मामा मुख्तारभाई यांचं कर्जतला औषधांचं दुकान आहे. घर भिसेगावात. रक्त देणारी बाई त्यांनीच शोधली होती. अंगावर गांधी उठल्या म्हणून ती त्यांच्याकडे गोळ्या घ्यायला यायची, आणि का उठल्या ते बोलता बोलता तिने सांगितलं होतं. परवानग्यांचे सोपस्कार झाल्यावर मुख्तारभाईंनी हुकूम काढला की मी लॉजवर उतरायचं नाही.

दुपारी दारातच त्यांनी मला त्यांच्या धंद्याचं तत्त्व ऐकवलं. "ताई, कर्जतची लाइट म्हणजे आली तर आली. पण माझ्या दुकानात इन्शुलिनची एक बाटली आजवर गरम झाली नाही. फ्रिजला इन्व्हर्टर वेगळा, त्यात थर्मामीटर वेगळा. गिऱ्हाईक मला शिव्या देईल, औषध देणार नाही."

त्यांची बायको जुबेदाभाभी आतून म्हणाली, "घरातल्या पंख्याला इन्व्हर्टर नाय, ते पण सांगा त्यांना."

जेवायला तांदळाची भाकरी आणि नारळाच्या वाटणातलं कोंबडीचं सालन होतं. सोलापुरात भाकरी म्हणजे ज्वारीची, करकरीत, शेंगाचटणीशी खायची. ही पांढरीशुभ्र, इतकी मऊ की घडी घालून रुमालासारखी खिशात ठेवावी. पहिल्या घासाला मनात आलं, ही काय भाकरी! चौथीच्या वेळी मी गप्प बसले होते. जुबेदाभाभी फक्त वाढत होती आणि हसत होती.

खालापूर तालुका

दुसऱ्या दिवशी मी आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर रिक्षाने चौक गावाच्या रस्त्याला लागलो. भातकापणी ऐन भरात होती. खाचरांत कापलेले भारे पडलेले, कुठे झोडणी चाललेली, आणि मधेच एखाद्या शेताला अचानक उंच भिंत, लोखंडी गेट आणि आत निळा तरणतलाव. पुढे इर्शाळचा सुळका दिसायला लागला. सोलापूरच्या माणसाला एवढा हिरवा, ओला मुलूख बघून जरा संशयच येतो, की यांना कष्ट पडत असतील का. तो संशय खाचरात वाकलेल्या बायका बघेपर्यंतच टिकतो.

सुमनताई बांधावर वाट बघत होत्या. पन्नाशीच्या, काटक, हातात विळा तसाच. "जय भीम, मॅडम. रगत न्यायला आलाव ना? चला, पयला चा घ्या. रिकाम्या पोटी कोन कुनाचं रगत नेतं?"

घरी चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या कापणीत भारा उचलताना खालून घोणस पायाला डसली. शेजाऱ्यांनी टेंपोत घालून हॉस्पिटलात नेलं. तिथे सापाचं औषध सुरू झालं आणि थोड्याच वेळात अंगाला आग लागली, दात वाजायला लागले, श्वास अडकला. डॉक्टरांनी घाईघाईने दुसरं इंजेक्शन दिलं, मग श्वास मोकळा झाला.

"साप डसला त्याचं मला येवढं काय वाटलं नाय," त्या म्हणाल्या. "पाय सुजला, ठनकला, ते मी सोसलं. पन त्या बाटलीनं माजा जीवच घेतला व्हता. मी घरात सांगून ठेवलंय. परत डसला तर मला हास्पिटलात न्यायचं नाय. इथं बाजंवर ठेवा. जगली तर जगली."

सिस्टर हळूच म्हणाल्या, "ह्या खरंच जाणार नाहीत. नवरा समजावून थकला." नवरा, दिनकरराव, माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. सुट्टीला तेवढे खाली येतात, एरवी सुमनताई शेतात आणि घरात एकट्या.

दारासमोर खाचरभर भारे पडले होते, ते ह्याच बाई उचलणार होत्या, आणि घोणशीचं विष बाजेवर पडून उतरत नाही. मी तावातावाने बोलायला लागले. ते औषध नसतं तर तुम्ही आज इथे नसता, वगैरे. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमाला कवा दिलंय ते?" मी म्हटलं, नाही. "मंग," त्या म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा मी वेगळ्या वाटेने सुरुवात केली. पायाला काटा मोडून पिकला की जांघेत काय येतं, असं विचारलं.

"अवधान येतं."

"ती गाठ म्हणजे तुमच्या अंगातली चौकी. काट्यातनं जे आत शिरलं त्याच्याशी तिथे लढाई चालते, म्हणून ती सुजते. तुमच्या रक्तातल्या पेशी घेऊन मी पुण्यात एक एवढंसं अवधाण बनवणार." मी अंगठा दाखवला. "मग ते घोड्याचं औषध तुमच्याऐवजी त्याला देऊन बघायचं."

"घोड्याचं?" त्या ताठ बसल्या. कुणी त्यांना हे सांगितलंच नव्हतं. मग खो खो हसल्या. "आमचा मालक माथेरानवरनं येतो तो घोड्याच्या लिदीचा वास घेऊन येतो. आता कळलं मला घोडं का सोसत नाय ते!"

त्यांनी हात पुढे केला, पण अट घातली. "माजं रगत तुमच्या त्या चिपीत काय म्हनतंय ते मला हितं येऊन सांगायचं. फोनवर नाय. आन गोड करून नाय सांगायचं." मी कबूल केलं. सिस्टरनी शीर बघितली, नळ्या भरल्या. सुमनताई नळ्यांकडे बघतसुद्धा नव्हत्या. पलीकडच्या खाचरातली बाई भारे नीट बांधत नव्हती, तिला इथूनच ओरडून सूचना देणं चाललं होतं.

पुन्हा भिसेगाव

नळ्यांचा डबा मी जुबेदाभाभीच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. सकाळच्या गाडीने पुणे गाठायचं होतं. झोपायला जाताना मी मुख्तारभाईंना बजावलं, "याला हात लावू नका, इथेच राहू दे." का, ते सांगायचं मला सुचलं नाही.

सकाळी टेबलावर डबा नव्हता.

मुख्तारभाई आंघोळ करून, केस विंचरून, प्रसन्न चेहऱ्याने उभे होते. "काळजी करू नका ताई. एवढी मोलाची चीज तुम्ही उघड्यावर ठेवलीत, मला झोप येईना. घरचा फ्रिज पोरं सारखी उघडतात, म्हणून पहाटे दुकानात नेऊन ठेवलं. लसीच्या कप्प्यात. थर्मामीटर बघूनच आलोय."

औषध थंडीत टिकतं, पण या नळ्यांत औषध नव्हतं, जिवंत पेशी होत्या. त्यांना साधी खोलीतली ऊब लागते. फ्रिजमध्ये त्या मरगळतात, रक्तातल्या बाकीच्या पेशी त्यांच्यात मिसळून बसतात, आणि मग चिपेत सोडल्या तरी त्या काय सांगतायत यावर भरवसा ठेवता येत नाही. हे सगळं मी सांगितलं, आणि हळू आवाजात नाही सांगितलं. घरचे मला रागीट म्हणतात, मी स्वतःला स्पष्ट म्हणते. त्या सकाळी मी दोन्ही होते.

मुख्तारभाईंचा चेहरा बघवेना. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा अभिमान धरला, तीच त्यांनी मनापासून केली होती. जुबेदाभाभीने त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि मला म्हणाली, "ताई, त्यांना रागवा, पण आधी मला सांगा, आता करायचं काय?"

करण्यासारखं एकच होतं. सुमनताईंकडे परत जायचं आणि पुन्हा हात पुढे करा म्हणायचं. सहकाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "कारण कशाला सांगतेस? नमुना कमी पडला म्हण." सोपं होतं ते. पण गोड करून सांगायचं नाही हे कालच ठरलं होतं, आणि मला ते जमतही नाही.

मुख्तारभाईंनी दुकान उघडलंच नाही. ईदला सोडून ते बंद ठेवत नाहीत, असं जुबेदाभाभी म्हणाली. "चूक माझी आहे, तोंड मी दाखवणार," म्हणून ते रिक्षात माझ्याशेजारी बसले आणि चौक येईपर्यंत तीन वेळा म्हणाले, "पण ताई, थंडीने वस्तू बिघडते, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय."

सुमनताई झोडणी करत होत्या. मुख्तारभाईंनी हात जोडून सगळं सांगितलं. मी धरून चालले होते की आता हाकलतील. त्यांनी हातातली पेंढी बाजूला ठेवली, पदराने तोंड पुसलं.

"म्हंजे माज्या रगताला थंडी वाजली?"

"हो," मी म्हटलं.

त्या बांधावर टेकल्या. मग म्हणाल्या, "हास्पिटलात मला काय झालं, का झालं, कोनी धड सांगितलं नाय. वाचलीस ना, जा घरी, येवढंच. तुमी चुकलाव ते सांगाया दोघं रिक्षा करून आलाव." त्यांनी सिस्टरना फोन लावला. "या गं बाय. आन तुमची ती सुई पन आना."

सिस्टरनी आधी त्यांचं रक्त पुरेसं आहे ना ते तपासलं, मगच टोचलं. तुलनेसाठी आम्हाला कधी साप न डसलेल्या माणसाचंही रक्त लागणार होतं. मी मुख्तारभाईंकडे बघितलं. ते पांढरे पडले. जन्मभर सुया विकणारा हा माणूस सुईला घाबरत होता! सुमनताईंनी त्यांचा दुसरा हात धरून ठेवला. "इकडं बघा भाई, माज्याकडं. भात किती झाला इचारा मला." त्यांनी विचारलं, सुमनताईंनी सांगितलं, आणि तेवढ्यात नळी भरली.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीने मी पुण्याला निघाले. स्टेशनवर मुख्तारभाईंनी डबा स्वतःच्या सावलीत धरला होता आणि थंड पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याला हात करून लांब घालवत होते.

पुणे

या भागात प्रवास नाही, पण हा भाग सांगितल्याशिवाय पुढचा प्रवास कळणार नाही. सुमनताईंच्या पेशी चिपांमध्ये सोडल्या. आधी त्या विखुरलेल्या, सुस्त होत्या. मग हळूहळू सरकल्या, बिलगल्या, घोळके झाले. आम्ही आता त्यांना आपापसात 'सुमनताई' म्हणायला लागलो होतो. "सुमनताईंना पाणी बदललं का?" असं कुणीतरी विचारायचं.

काही चिपांत आम्ही सध्याचं औषध सोडलं. मुख्तारभाईंच्या चिपा थोड्या कुरकुरल्या आणि निवल्या. सुमनताईंच्या पेटल्या. पेशी एकमेकींना जे इशारे देतात ती रसायनं भराभर वाढली. हॉस्पिटलात पडून त्या बाईने जे सोसलं ते आम्ही त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यात बघत होतो, आणि मी बांधावर त्यांना किती शहाणपण शिकवत होते ते आठवून मला लाज वाटली. मग उरलेल्या चिपांत नवं औषध सोडलं. वाट बघितली. पुन्हा मोजलं. माझा विश्वास बसेना म्हणून दुसऱ्याकडून मोजून घेतलं. सुमनताईंच्या पेशी जवळजवळ शांत होत्या.

एका बाईच्या रक्तावरून औषध सिद्ध होत नाही. अजून खूप माणसांचं रक्त, खूप तपासण्या बाकी आहेत, आणि चिप म्हणजे अख्खा माणूस नव्हे. हे सगळं मला ठाऊक आहे. तरी त्या दिवशी मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि मला भरून आलं. आम्ही सगळ्यांनी कँटीनमधून मिसळ मागवली.

पोपटी

थंडीत मी कबूल केल्याप्रमाणे परत गेले. भात निघालेल्या खाचरात वाल आला होता, शेंगा भरल्या होत्या, आणि दिनकरराव सुट्टीवर होते. सुमनताईंनी पोपटीचा बेत केला. मडक्यात भांबुर्डीचा, म्हणजे एका रानझुडपाचा, वासाचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून मडकं पालथं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. आमच्याकडे थंडीत शेतावर हुरडा पार्टी असते, तिथे निखारे, कोवळी कणसं आणि बडबड. इथे जाळ, शेंगा आणि बडबड. कोंबडी मुख्तारभाईंनी आणली होती, आणि यावेळी बर्फात ठेवून, कारण कोंबडीला चालतं हे त्यांनी माझ्याकडून खात्री करून घेतलं होतं.

संध्याकाळी जाळाभोवती आम्ही, शेजारची दोन-तीन घरं, सिस्टर अशी माणसं बसली होती. सुमनताई म्हणाल्या, "आता सांगा. गोड नाय करायचं."

मी मोबाइलवर त्यांच्या पेशींचं चित्रीकरण दाखवलं. काळ्या पडद्यावर उजळ ठिपके सरकत होते, एकमेकांना शिवत होते. सुमनताईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"ह्या मी?"

"तुम्हीच."

"जित्या हायत?"

"तेव्हा होत्या."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी सांगितलं की त्यांना झालेला त्रास मनाचा खेळ नव्हता, त्यांच्या पेशींनी चिपेतही तोच गोंधळ घातला. हे ऐकल्यावर त्यांनी नवऱ्याकडे बघून मान हलवली. नव्या औषधाला पेशी शांत राहिल्या हेही सांगितलं. मग जे सांगायला जिवावर येत होतं ते सांगितलं. "पण ते औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. येईल असं मला वाटतं, कधी ते सांगता येत नाही. पुढच्या कापणीला घोणस डसली तर जुनंच औषध मिळेल. आणि त्रास पुन्हा होऊ शकतो."

दिनकररावांनी मान खाली घातली. जाळात पेंढा तडतडत होता.

"मंग माजं रगत नेऊन काय फायदा झाला?" सुमनताईंनी विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

"तुमच्यासारखी माणसं आहेत, त्यांना सोसेल असं औषध करता येतं, एवढं दिसलं," मी म्हटलं. "आणि दुसरी गोष्ट कळायला चिप लागत नाही. औषधाने तुम्हाला त्रास झाला, तो डॉक्टरांनी दुसऱ्या इंजेक्शनने आवरला. तो आवरता येतो. आधी माहीत असलं तर तयारी ठेवून आणखी लवकर आवरता येतो. सापाचं विष तसं आवरत नाही. त्याला तेच औषध लागतं."

सिस्टर म्हणाल्या, "हे खरं आहे, ताई."

सुमनताईंनी काठीने मडकं ढोसून बघितलं. मला वाटलं, हरले. एवढ्या लांब येऊन, एवढं खरं बोलून, या बाई उद्याही बाजेचंच म्हणणार.

मग त्या काठी टेकून उभ्या राहिल्या. "अवो, ऐका," त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "मला डसलं तर हास्पिटलात न्यायचं. आन डागदरला काय सांगायचं?"

दिनकरराव गडबडले. "काय... साप डसला म्हनून..."

"ते तर त्यास्नी दिसंलच. सांगायचं, हिला मागं या औशदानं तरास झालाय. दुसरं विंजेक्शन आधी भरून हाताशी ठेवा. आन मंग औशद द्याच. म्हना."

दिनकररावांनी म्हटलं. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं.

"तुमी माथेरानात असता. डसलं तर नेनार ही मान्सं." सुमनताई शेजारणीकडे वळल्या. "तू म्हन गं." तिने म्हटलं. तिच्या सासूने म्हटलं, मधलं विसरली, तिच्याकडून परत म्हणवून घेतलं. शेजारचा टेंपोवाला लाजत होता, त्याला सोडलं नाही. मुख्तारभाईंनी इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं की पलीकडच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागला. मडक्यातून ओव्याचा वास सुटला होता, सगळ्यांना भूक लागली होती, पण कुणी उठलं नाही.

"मॅडम, आता तुमी."

"मी? मी तर पुण्याला असते."

"आज हितं हायसा ना. म्हना."

मी म्हटलं, "हिला मागे या औषधाने त्रास झालाय. दुसरं इंजेक्शन आधी भरून हाताशी ठेवा."

"आन?"

"आणि मग औषध द्याच."

"हां," सुमनताई म्हणाल्या आणि जाळ बाजूला सारायला वाकल्या. "आता जेवा."